सोसायटीच्या बागेतलं लोखंडी बाकडं, पाऊस आणि हाताला आलेल्या झिणझिण्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिंहगड रोडला तुमची सोसायटी, बागेत सहा लोखंडी बाकडी आणि एक लोखंडी झोपाळा. पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी एका आजोबांनी ओल्या बाकड्याच्या दांडीवर हात टेकला आणि झिणझिण्या आल्या, मग दोन दिवसांनी एका लहान मुलीलाही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियन आला, त्याने टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाही, म्हणून "काही नाहीये" सांगून गेला. आता मीटिंगमध्ये अर्धे लोक म्हणतायत लोखंड आकाशातली वीज ओढून घेतं, सगळी बाकडी काढून सिमेंटची टाका, आणि उरलेले म्हणतायत आजोबांचं वय झालंय, उगाच खर्च नको. आणि तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात लोखंडी बाकड्यावर बसणं सेफ असतं का.

मी लायसन्सवाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, पुण्यात सोसायट्यांच्या कॉमन एरियाची कामं करतो, म्हणजे पार्किंग, लिफ्ट, पंप आणि बागेतले दिवे. त्यामुळे सगळ्यात आधी एक सांगतो आणि ते आजच करा, पुढचं वाचायच्या आधी केलं तरी चालेल. बागेच्या लाइटचा एमसीबी, म्हणजे पॅनेलमधला लाइन तोडणारा स्विच, खाली पाडा, त्यावर "चालू करू नये" अशी चिठ्ठी चिकटवा, वॉचमनला समजावून सांगा आणि बाकडी, झोपाळा, दिव्यांचे खांब यांच्याभोवती दोरी बांधा. दोन वेगवेगळ्या माणसांना, दोन वेगवेगळ्या दिवशी, ओल्या बाकड्यावर झिणझिण्या आल्या म्हणजे हे वयाचं नाही. चार दिवस बाग अंधारात राहिली तर काही बिघडत नाही.

आता मुद्द्याचं. बाकडं लोखंडी आहे म्हणून त्यात करंट तयार होत नाही. भर पावसात मोकळ्या मैदानात नुसतं लोखंडी बाकडं ठेवलं आणि जवळपास कुठे वायर नसेल तर त्यावर शॉक बसायचा प्रश्नच नाही, फक्त कपडे ओले होतील. करंट नेहमी दुसरीकडून येतो, खांबातून, जमिनीतल्या केबलमधून, कारंज्याच्या पंपातून, भिंतीवरच्या उघड्या जॉइंटमधून, आणि लोखंड तो फक्त पुढे हातापर्यंत आणून देतं. त्यामुळे "लोखंडी बाकडं सेफ आहे का" यापेक्षा "आमच्या बाकड्यापर्यंत करंट कुठून आला आणि तो परत येणार नाही हे मोजून कोण दाखवणार" हा तुमचा खरा प्रश्न आहे. सिमेंटचं बाकडं टाकलं तर तो प्रश्न सुटत नाही, कारण ओलं सिमेंटही करंट वाहून नेतं, आतमध्ये सळई असते, आणि मुख्य म्हणजे बिघडलेली केबल तिथेच जमिनीत राहते आणि पुढच्या पावसात खांबाला हात लावणाऱ्याला शॉक देते.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करतो. बाकड्याची कड मांडीखाली दाबली गेली की पायाला मुंग्या येतात, डायबिटीस असेल तर जास्तच येतात, आणि त्याचा विजेशी संबंध नसतो. फरक ओळखायला फार अवघड नाही. नस दाबल्याच्या मुंग्या हळूहळू चढतात आणि उठल्यावर मिनिटभर तरी राहतात. करंटच्या झिणझिण्या हात लावल्या क्षणी येतात, हात काढला की लगेच जातात, आणि बहुतेक वेळा पाय ओल्या जमिनीवर असताना येतात. तुम्ही आजोबांचं जे वर्णन लिहिलंय, हात टेकला आणि पटकन काढून घेतला, ते दुसऱ्या प्रकारात बसतं. पण कोणीही "बघू बरं परत येतात का" म्हणून हात लावून बघू नका, कृपा करून.

सकाळी आलेल्या इलेक्ट्रिशियनबद्दल. तुम्हीच लिहिलंय की बागेचे दिवे टायमरवर आहेत आणि संध्याकाळी सातला लागतात. आजोबा साडेसातला बसले होते, मुलगी आठच्या सुमारास खेळत होती. इलेक्ट्रिशियन आला सकाळी अकराला, तेव्हा दिव्यांच्या लाइनमध्ये सप्लायच नव्हता आणि ऊन पडून बाकडंही वाळलं होतं. मग टेस्टर पेटणार कसा? हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, किती वाजता झालं आणि तेव्हा दिवे चालू होते का. दिवे चालू असतानाच येतं असं असेल तर शोध अर्धा संपला, त्या लाइनमध्येच दोष आहे. दिवे बंद असतानाही येत असेल तर कुठेतरी स्विच न्यूट्रलमध्ये (परतीच्या वायरमध्ये) टाकलाय आणि फेज (करंट आणणारी वायर) चोवीस तास खांबापर्यंत जातोय, किंवा दोष दुसऱ्याच लाइनमध्ये आहे.

आणि टेस्टरचं म्हणाल तर ते खिशातलं छोटं निऑन टेस्टर या कामाचं नाहीच. ते साधारण ६०-७० व्होल्टच्या खाली पेटत नाही, पेटलं तरी भर उन्हात तो बारीक केशरी उजेड दिसत नाही, आणि बाकड्यावर पेंटचा थर असेल तर टोक धातूला लागतच नाही. उलट ओल्या जागेत २५ व्होल्टच्या वर काहीही धोकादायक धरतात. म्हणजे ४०-५० व्होल्ट बाकड्यावर असतील तर टेस्टर गप्प आणि माणसाला झटका, असं आरामात होऊ शकतं.

करंट बाकड्यापर्यंत पोचतो कसा, हे एका कामावरून सांगतो. कोथरूडमधल्या एका सोसायटीत अशीच तक्रार होती, फक्त एकाच बाकड्यावर, फक्त पावसात, फक्त रात्री. आम्ही बाकड्याच्या पायाचे बोल्ट सोडले, बेसप्लेट उचलली, तर खाली काँक्रीटमध्ये जे होल मारलं होतं ते सरळ पीव्हीसी पाइपमधून गेलेलं. बाग झाल्यावर वर्षभराने कोणीतरी बाकडी पक्की करायला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, मारले, खाली लाइटची वायर आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ड्रिलने पाइप फोडला आणि वायरचं प्लास्टिक एका बाजूने सोलून काढलं. फास्टनर आणि तांब्यामध्ये जेमतेम कागदाएवढी फट. उन्हाळ्यात ती फट कोरडी, त्यामुळे काहीच नाही. जूनमध्ये पाइपात पाणी भरलं, त्यात मातीतले क्षार, की फेज सरळ फास्टनरवर, तिथून पायावर, तिथून दांडीवर. आणि दांडीवरचा पेंट नेमका जिथे सगळे हात टेकतात तिथेच घासून गेलेला असतो, आतला चकचकीत लोखंडी भाग उघडा. बाकीचं बाकडं पेंटमुळे बऱ्यापैकी झाकलेलं, आणि हात नेमका उघड्यावर पडतो.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गुडघ्याएवढे बुटके दिवे, बोलार्ड म्हणतात ते. त्याचं झाकण उघडा, खाली तळाला पाणी साचलेलं, वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, टेप सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं आणि मुंग्यांनी घर केलेलं, हे अगदी ठरलेलं दृश्य. ती काळी टेप घरातल्या कोरड्या बोर्डात ठीक आहे, जमिनीलगत पावसात तिचा काही उपयोग नाही. जॉइंट जमिनीत नकोच, तो वरती, पाणी न शिरणाऱ्या डब्यात, ग्लँड (केबलभोवती पाणी अडवणारं बूच) लावून असला पाहिजे, आणि जमिनीतून जाणारी केबल आर्मर्ड, म्हणजे वरून पोलादी कवच असलेली, पाहिजे. बागेत घरातली साधी वायर पाइपात घालून पुरलेली असते, ते काम स्वस्तात होतं पण काही पावसाळ्यांनी हमखास असं बोलतं.

मीटिंगमध्ये कोणीतरी नक्की विचारणार की करंट लीक होत होता तर एमसीबी का नाही पडला. हा प्रश्न चांगला आहे आणि याचं उत्तर सगळ्यांना कळायला हवं. समजा फेज बाकड्याला लागला आणि बाकड्याचे पाय मातीत आहेत. त्या पायांमधून जमिनीत जायला करंटला जो विरोध होतो तो १०० ओहम धरा, पुण्याच्या मुरमाड जमिनीत तो याहून जास्तही निघतो. २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर करंट जमिनीत जातोय. एमसीबी आहे ६ किंवा १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने हे म्हणजे थोडे जास्त दिवे लागले, बस. तो पडणार नाही, रात्रभर नाही, महिनाभर नाही, आणि बाकडं तेवढा वेळ जिवंत राहणार. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नसतो. माणसाचं गणित वेगळं आहे, १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात, १० च्या पुढे स्नायू आकडतात आणि धरलेलं सुटत नाही, ३० च्या पुढे काही क्षण जरी गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर, एमसीबीला ते कळणारही नाही. आणि कोरड्या त्वचेचा जो काही विरोध असतो तो भिजल्यावर खूप कमी होतो, ओल्या अंगाचा हिशोब करताना आम्ही साधारण १००० ओहम धरतो. म्हणून तीच फट, तेच बाकडं, तोच माणूस, उन्हाळ्यात काही नाही आणि पावसात जीवावर बेतू शकतं. आजोबांना फक्त झिणझिण्या आल्या कारण त्यांच्या पायात जाड रबरी चपला असतील किंवा पाणी कमी असेल. मुलं अनवाणी खेळतात.

यावर उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का हे तो बघतो, मध्ये कुठे जमिनीत किंवा माणसातून गळती झाली की लाइन तोडतो, आणि मोठी गळती असेल तर सेकंदाच्या छोट्याशा भागात तोडतो. घ्यायच्या वेळी आकडा नीट वाचा, १०० किंवा ३०० मिलिअँपिअरवाला आगीसाठी असतो, माणसासाठी ३०. चांगल्या कंपनीचा साधारण २ ते ३ हजारात मिळतो. तुमच्या पॅनेलमध्ये कदाचित तो असेलही, आणि बायपास केलेला असेल. हे मी अंदाजाने नाही म्हणत, पहिल्या पावसात आरसीसीबी पडायला लागला, वॉचमन वैतागला, मेंबर्सनी फोन केले, मग कोणीतरी दोन वायर खालून-वरून जोडून दिल्या, हे फार ठिकाणी होतं. ताई, पावसात पडणारा आरसीसीबी खराब नसतो. तो सांगत असतो की बाहेर गळती आहे. त्याला बायपास करणारा माणूस सोसायटीच्या मुलांच्या जीवाशी खेळतोय, भले त्याच्या मनात तसं नसेल.

हां, एक खरी अडचण असते. प्रत्येक एलईडी ड्रायव्हरमधून (दिव्याला सप्लाय देणाऱ्या डबीतून) थोडीशी गळती नॉर्मललाही होते, आणि तीस-चाळीस दिवे, पंप, गेटची लाइट असं सगळं एकाच आरसीसीबीवर टाकलं तर ती बेरीज होऊन तो विनाकारण पडू शकतो. त्याचं उत्तर बायपास नाही, लाइन विभागणं आहे. बागेचा वेगळा, पार्किंगचा वेगळा, कारंज्याचा वेगळा. म्हणजे बागेची लाइन पडली तरी पार्किंगमध्ये अंधार होत नाही आणि कोणाला बायपास करायचा मोह होत नाही. नवीन काम करत असाल तर बागेतले दिवे सरळ १२ किंवा २४ व्होल्टचे घ्या, चांगला आयसोलेटेड ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूशी थेट जोड नसलेला, बिल्डिंगच्या आत कोरड्या जागी लावा आणि बाहेर फक्त कमी व्होल्टेज न्या. मला विचाराल तर लहान मुलं खेळतात त्या बागेत मी २३० व्होल्ट नेतच नाही, कमिटी ऐकत असेल तर.

अर्थिंगबद्दल गैरसमज फार आहेत. अनेक जण सांगतील की बाकड्याला एक वायर जोडा आणि जमिनीत रॉड ठोका, झालं. नाही होत. वरचंच गणित परत करा, रॉड उत्तम लागला आणि १० ओहम आला तरी २३ अँपिअर जाणार, आणि १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याला तासभरही घेऊ शकतो. तोपर्यंत बाकडं तसंच जिवंत. अर्थिंग करायचं ते दिव्याच्या खांबाचं, आणि तेही नुसता जागेवर रॉड ठोकून नाही तर केबलबरोबर अर्थची वायर पॅनेलपर्यंत परत आणून. मग बिघाड झाला तर करंटला तांब्याचा सरळ रस्ता मिळतो आणि आरसीसीबी कोणी हात लावायच्या आधीच पडतो. बाकड्याला स्वतःला अर्थिंगची गरज नाही, त्याला फक्त विजेपासून लांब ठेवायचं. खांब आणि बाकडं यात एवढं अंतर ठेवा की बसलेल्या माणसाने हात पसरले तरी दोन्हीला एकदम हात लागणार नाही, दोन-अडीच मीटर धरा. आपल्याकडे उजेड हवा म्हणून बाकडं मुद्दाम खांबाला चिकटवून ठेवतात, सोसायटीत, रस्त्याकडेला, बसस्टॉपवर पण. ते तेवढं सरकवा.

आणि गणपती. भर पावसाळ्यात येतात, बागेच्या बाजूला मांडव, मग झाडं, रेलिंग, झोपाळा, बाकड्याची पाठ, सगळ्यावर लाइटच्या माळा गुंडाळतात. स्वस्तातल्या माळांची वायर केसाएवढी, जागोजागी जोड, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवलेला. ज्या लोखंडाला मुलं हात लावणार आहेत त्याला माळ गुंडाळायची नाही, एवढा एक नियम मंडळाच्या पोरांना सांगा, ती ऐकतात, आणि मांडवाची लाइन आरसीसीबीवरून घ्या.

मोजायचं कसं ते सांगतो, पण हे काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, तुम्ही फक्त समोर उभ्या राहा. तपासणी संध्याकाळी, बाकडं आणि जमीन ओली असताना, पाऊस नसेल तर पाइपने पाणी मारून, आजूबाजूला कोणी नसताना. बाकड्याच्या पायावर थोडा पेंट खरवडून मल्टिमीटरची एक पिन तिथे, दुसरी तीन-चार मीटर लांब ओल्या मातीत खोचलेल्या सळईला. दिवे बंद असताना आकडा लिहायचा, मग लाइन चालू करून लिहायचा. तेच बाकडं आणि खांब यांच्यामध्ये. डिजिटल मीटर कधी कधी उगाच दहा-वीस व्होल्ट दाखवतो, नुसत्या शेजारून गेलेल्या वायरमुळे, त्यामुळे जाणकार माणूस मीटरच्या दोन पिनांमध्ये दोन हजार ओहमचा रेझिस्टर लावून परत बघतो. खोटे व्होल्ट लगेच गळून पडतात, खरे तिथेच राहतात. मग लाइन बंद करून, ड्रायव्हर सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक केबल तपासायची. १ मेगाओहमच्या खाली आली ती केबल बाद, आणि पाऊस नसतानाही जेमतेम त्याच्याच आसपास असेल तर पावसाळ्यात ती नक्की खाली जाणार.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे, दोष बाकड्यात नाही, दिव्यांच्या लाइनमध्ये आहे, तो रात्री आणि ओल्यातच सापडेल, आणि माणूस वाचवणारी वस्तू एमसीबी नाही, आरसीसीबी आहे.

आता आकाशातल्या विजेचं, कारण तुमच्या मीटिंगमध्ये खरा वाद त्यावर चाललाय. लोखंड वीज ओढून घेत नाही. वीज कुठे पडणार हे मुख्यतः उंची आणि आजूबाजूला तेवढंच उंच दुसरं काही आहे की नाही यावर ठरतं. अकरा मजली बिल्डिंगच्या पायथ्याशी दीड फुटाचं बाकडं, त्याला वीज शोधत येत नाही. पण जवळच्या झाडावर किंवा खांबावर पडली तर तिथून जमिनीत पसरते, आणि लांबलचक लोखंड, म्हणजे रेलिंग, तारेचं कुंपण, झोपाळ्याची चौकट, ती लांबपर्यंत पोचवतं. म्हणून ढग गडगडत असताना बाकड्यावरून उठायचं, पण उठायचं ते लोखंडी म्हणून नाही तर उघड्यावर आहे म्हणून. झाडाखालचं सिमेंटचं बाकडं तेव्हा तेवढंच वाईट. चारही बाजूंनी उघडा गझिबोसुद्धा आसरा नाही, बिल्डिंगच्या आतच जायचं. वीज चमकल्यापासून आवाज यायला ३० सेकंदांपेक्षा कमी लागले तर आत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून बाहेर. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आसपास वीज पडतेय का ते त्यात दिसतं.

पुण्यात हा धोका भर पावसाळ्यात कमी असतो हेही सांगतो. जुलै-ऑगस्टची ती दिवसदिवस चालणारी रिपरिप, तिच्यात गडगडाट फारसा नसतो. विजा असतात त्या एप्रिल-मेच्या वळवात, जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, संध्याकाळी चार-पाचनंतर, नेमकं जेव्हा सगळे बागेत, गच्चीवर नाहीतर तळजाईला नाहीतर वेताळ टेकडीवर असतात. त्याच वळवात वारा सुटतो आणि गुलमोहराच्या फांद्या पडतात, ते लाकूड ठिसूळ असतं. गुलमोहराखाली बाकडं असेल तर मला विजेपेक्षा त्या फांदीची काळजी जास्त वाटते. गच्चीवर लोखंडी खुर्च्या असतील तर लाइटनिंग अरेस्टरची (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांडीची) पट्टी जिथून खाली उतरते तिच्याजवळ ठेवू नका, आणि तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधू नका.

तिसरी गोष्ट गंज, तिच्याकडे कोणी बघत नाही कारण बाकडं वरून नवं दिसतं. पोकळ पाइपाचं बाकडं आतून सडतं. पाणी वेल्डिंगच्या बारीक भोकातून आत जातं, बाहेर यायला जागा नसते, आणि जिथे पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथे, अगदी जमिनीलगतच्या बोटभर भागात, पाइप कागदासारखा होतो. वर दरवर्षी ऑइलपेंटचा हात मारलेला असतो त्यामुळे कळत नाही. हातोडीने त्या जागी हलकं ठोकून बघा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला किंवा पेंटचा पापुद्रा सुटून तपकिरी भुगा पडला तर त्या बाकड्यावर कोणाला बसवू नका. झोपाळ्याला हेच दुपटीने, कारण त्यावर हलता भार येतो, कड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे झिजतात आणि वरच्या दांडीचं वेल्डिंग चिरतं. झोपाळ्याची कडी तिच्या मूळ जाडीच्या तीन चतुर्थांश उरली की मी बदलायला सांगतो, गंज असो नसो.

दुरुस्ती करताना नुसता गंजावर रंग नको. तारेच्या ब्रशने धातूपर्यंत घासायचं, रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर, मग पेंट, आणि पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला एक बारीक भोक. पायाभोवती काँक्रीट थोडं उंच करून बाहेरच्या बाजूला उतार द्या म्हणजे पाणी तिथे थांबणार नाही. नवीन घेणार असाल तर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, मागा, आणि स्टेनलेस घेणार असाल तर बिलावर ३०४ हा ग्रेड लिहून घ्या, बाजारात २०२ खूप चालतं, तेही सुरुवातीला तसंच चमकतं आणि दोन पावसाळ्यात डाग धरतं, चुंबक लावून त्यातला फरक कळत नाही.

बाकड्याखालचं शेवाळ हे शॉक आणि विजेपुढे किरकोळ वाटतं, पण पावसाळ्यात आजी-आजोबांची हाडं मोडतात ती बसता-उठताना पाय घसरून. पेव्हर ब्लॉक घासून घ्या. ब्लीचिंग पावडर टाकणार असाल तर बाकड्याच्या पायांना लागू देऊ नका आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा, त्यातलं क्लोरीन लोखंड काय, स्टेनलेससुद्धा खातं. आणि गंजलेल्या कडेने कोणाला कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते सांगून जखम डॉक्टरांना दाखवा, कारण तो गंजाने नाही, मातीतल्या जंतूने होतो आणि बागेतल्या प्रत्येक जखमेत माती असतेच.

कमिटीपुढे जाताना माझं मत विचारलंत तर लोखंडी बाकडी ठेवा, सहा सिमेंटच्या बाकड्यांचे पैसे केबल, आरसीसीबी आणि पाय दुरुस्त करण्यावर घाला. काम झाल्यावर "सगळं ओके आहे" एवढ्यावर सही करू नका. लेखी रिपोर्ट मागा, त्यात प्रत्येक लाइनचा मेगरचा आकडा, अर्थ पिटचे (अर्थिंगच्या खड्ड्याचे) ओहम, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडला हे, आणि खाली लायसन्स नंबर. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा मेंटेनन्सच्या दिवशी दाबायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. कंपाउंडबाहेरचा रस्त्याचा खांब किंवा फीडर पिलर (रस्त्याकडेचा वीजवाटपाचा डबा) असेल आणि तिकडून संशय असेल तर त्याला तुमच्या माणसाने हात लावायचा नाही, रस्त्याच्या दिव्यासाठी महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय आणि सप्लायसाठी महावितरणला १९१२ वर तक्रार करून नंबर घ्या.

आणि वॉचमनला हे एकदा करून दाखवा, कारण रात्री तोच असतो. कोणी चिकटलं तर आधी पॅनेल बंद, माणसाला हात लावायचा नाही, पॅनेल लांब असेल तर कोरडं लाकूड किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून ढकलायचं, श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. पॅनेलची किल्ली सेक्रेटरींच्या घरी नाही, वॉचमनच्या केबिनमध्ये पाहिजे.

मला अजून दोन गोष्टी कळवा, झिणझिण्या आल्या ते दोन्ही वेळेस एकच बाकडं होतं का, आणि त्याच्या सगळ्यात जवळचा दिवा किती फुटांवर आहे. एकच असेल तर मी आधी त्याची बेसप्लेट उचलायला सांगेन, वेगवेगळी असतील तर बोलार्डपासून सुरुवात.